मटेरियल सायन्स शिकवायला रिकामी एक्सेल शीट : तुमचे अनुभव सांगा

मूस | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार. मी बेळगावात डिप्लोमाच्या मेकॅनिकलच्या मुलांना मटेरियल सायन्स शिकवते. वर्ग मिश्र आहे. खानापूर, निपाणीकडची मराठी माध्यमातली मुलं, गोकाक, सौंदत्तीकडची कन्नड माध्यमातली, आणि पुस्तक मात्र सगळ्यांना इंग्रजी. निम्म्यांच्या घरचं कुणी ना कुणी उद्यमबागेत नाहीतर मच्छेत फाउंड्रीला किंवा मशीन शॉपला जातं. बाबा घरी आले की कपड्यांना वाळूचा आणि कटिंग ऑइलचा वास येतो, अशा घरातली ही मुलं. तरी डिफ्यूजनचा, म्हणजे घन पदार्थात अणू हळूहळू पसरण्याचा, धडा काढला की वर्ग गप्प होतो. फिकचा दुसरा नियम फळ्यावर लिहिला की ती तो उतरवून घेतात, पाठ करतात आणि पेपरात उतरवतात. संपलं.

चार वर्षांपूर्वी मी एक्सेलमध्ये कार्बुरायझिंगची, म्हणजे तापलेल्या पोलादात कडेने कार्बन मुरवण्याची, एक शीट बनवली. तापमानाची पट्टी सरकवली की आलेख हलायचा. रंग वगैरे छान दिले होते. मुलं खूश, मीही खूश. वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षेत एकाला विचारलं, "भट्टीतला कार्बन मध्येच कमी केला तर हा आलेख कसा दिसेल?" तो म्हणाला, "मॅडम, त्याची पट्टी शीटमध्ये नाही." त्याच्यानंतर आलेल्या एकालाही ते सांगता आलं नाही. त्यांनी पट्टी सरकवली होती, कार्बन सरकताना पाहिलाच नव्हता. चूक माझी होती. सूत्रं सगळी मी लिहिली, वर पासवर्ड लावून बंद केली, आणि मुलांच्या हातात फक्त खेळणं दिलं.

तेव्हापासून तयार शीट देणं बंद केलंय. आता रिकामी शीट उघडायची. पहिली ओळ म्हणजे शून्य मिनिट. पहिला सेल पोलादाचा पृष्ठभाग, त्यात १.० लिहायचं. त्याच्या उजवीकडच्या वीस सेलमध्ये ०.२, म्हणजे मूळ पोलादात ०.२ टक्के कार्बन. दोन सेलमधलं अंतर ०.१ मिलिमीटर. खालची ओळ सहा मिनिटांनंतरची, त्याखालची बारा मिनिटांनंतरची. खाली जाल तसा वेळ पुढे जातो, उजवीकडे जाल तसे तुम्ही पोलादात खोल जाता.

सूत्र मी सांगत नाही. पहिल्या बाकावर ओंजळभर शेंगदाणे ठेवते आणि ओळीतल्या प्रत्येकाला सांगते, तुझ्यापेक्षा शेजाऱ्याकडे कमी असतील तर फरकाच्या काही हिश्श्याइतके त्याला दे. पाच-सहा फेऱ्या झाल्या की मुलंच म्हणतात, डावीकडून आलं, उजवीकडे गेलं, उरलं ते माझं. मग ते वहीत लिहायचं : नवा आकडा = जुना आकडा + र × (डावा + उजवा − दोनदा जुना). फिकचा दुसरा नियम तो हाच. एका सेलमध्ये लिहायचा आणि ओढत न्यायचा.

यातला 'र' म्हणजे डिफ्यूजनचा गुणांक (कार्बन किती लवकर पसरतो तो आकडा) गुणिले ओळीचा वेळ, भागिले सेलच्या अंतराचा वर्ग. गॅमा लोखंडात (लोखंडाचं तापल्यावरचं रूप) कार्बनचा गुणांक ९०० अंशांना तासाला साधारण ०.०२१ चौरस मिलिमीटर, ९५० ला ०.०४. म्हणजे ९५० अंशांवर सहा मिनिटांच्या ओळीला 'र' आला ०.४. ऐंशी ओळी ओढल्या की आठ तास झाले. अर्धा मिलिमीटर खोलीवर साधारण ०.६२ टक्के कार्बन दिसतो. पुस्तकातल्या एरर फंक्शनच्या सूत्रानेही तेवढाच येतो. तो जुळला की मुलांच्या तोंडावर जे येतं, ते पाहायला मी वर्षभर थांबते.

आता या वर्षीची गोष्ट, जिच्यासाठी धागा काढला. एका मुलाने ओळी वाचवायला सहाऐवजी दहा मिनिटांची ओळ घेतली. ९०० अंशांना सगळं व्यवस्थित. ९२५ लाही व्यवस्थित. तापमान ९५० केलं आणि आलेखाला करवतीसारखे दात आले. सातव्या-आठव्या ओळीच्या आसपास आकडे शून्याखाली गेले, आणि शेवटच्या ओळीत तर ते इतके फुगले की सेलमध्ये मावेनात. तो जागेवरून ओरडला, "मॅडम, कार्बन मायनसमध्ये गेला की ओ!"

सगळा वर्ग त्याच्या मशीनभोवती. सूत्र चुकलंय म्हणून तीन जणांनी ते तपासलं. सूत्र बरोबर होतं. मी काही बोलले नाही. पंधरा मिनिटांनी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "र बघा. ९०० ला ०.३५ होता, ९२५ ला ०.४९, आता ०.६६ झालाय." मग तिनेच सांगितलं : सेल दर फेरीला 'र' इतका हिस्सा डावीकडे देतो, 'र' इतका उजवीकडे. खिशात एक रुपया आहे आणि दोन भावांना सहासष्ट-सहासष्ट पैसे द्यायचे कबूल केलेत. खिसा उण्यात जाणारच.

'र' अर्ध्याच्या पुढे गेला की ही पद्धत कोसळते, ही अट मला स्वतःला पदव्युत्तर शिक्षणात आठवडाभर कळली नव्हती.

तुमच्यापैकी कुणी असं शिकवलंय का? किंवा शिकलंय का? कास्टिंग आणि फेज डायग्रामसाठी (कुठल्या तापमानाला मिश्रणात काय काय असतं तो आलेख) काय करता? फाउंड्रीतल्या, हीट ट्रीटमेंटवाल्या मंडळींनी तर जरूर लिहा. शीट आणि शॉप फ्लोअर यांत कुठे अंतर पडतं ते मला हवंय.

दुसरा_बाक | सोमवार, रात्री १०.१५

मॅडम, मी हुक्केरीकडचा, आता शेवटच्या वर्षाला आहे, दुसऱ्या कॉलेजात. आम्हाला सिम्युलेशन म्हणजे प्रोजेक्टरवर व्हिडिओ दाखवतात. तुमची शीट मी आत्ता फोनवर करून बघितली. फोनवर पट्टीवालं बटण चालत नाही, पण तुमच्या रीतीत त्याची गरजच नाही, आकडा टाकला की झालं. माझा आठ तासांचा आकडा मात्र फारच कमी आला. कार्बन जागचा हललाच नाही. कुठे चुकलं असेल?

मूस | सोमवार, रात्री १०.२२

गुणांक तापमानावरून काढलास ना? सूत्रात ९५० टाकलेस की १२२३?

दुसरा_बाक | सोमवार, रात्री १०.३१

९५०. केल्विन राहिलं. आता बरोबर आलं, ०.६२.

मूस | सोमवार, रात्री १०.४०

ही चूक मी वर्गात मुद्दाम होऊ देते. गुणांकाच्या सूत्रात ८२,८०० चौरस मिलिमीटर प्रतितास हा सुरुवातीचा आकडा, १४८ किलोज्यूल प्रतिमोल ही सक्रियण ऊर्जा, आणि तापमान सेल्सिअसमध्ये टाकलं तर गुणांक खऱ्याच्या पासष्टाव्या हिश्श्याइतका येतो. पेपरात हे चुकलं की एक मार्क जातो आणि विसरलं जातं. शीटमध्ये चुकलं की आठ तास भट्टी पेटवूनही कार्बन दारातच उभा दिसतो. ते लक्षात राहतं.

तवंदीघाट | मंगळवार, सकाळी ७.०५

मी निपाणीचा. वीस वर्षं हीट ट्रीटमेंटमध्ये आहे, सध्या कोल्हापूरकडे. मॅडम, तुमचा धागा सकाळी चहाबरोबर वाचला आणि पुन्हा वाचला. दोन-तीन गोष्टी सांगतो.

पहिली, गिऱ्हाईक आमच्याकडे कार्बनचा टक्का मागत नाही. तो केस डेप्थ, म्हणजे कडक झालेल्या थराची खोली, मागतो, आणि ती आम्ही कठीणपणावर मोजतो. जॉब कापायचा, पॉलिश करायचा, कडेपासून आत विकर्स कठीणपणा घेत जायचं आणि ५५० विकर्सपर्यंतचं अंतर लिहायचं. तुमच्या शीटला शेवटी एक ओळ जोडा, म्हणजे कुठल्या कार्बनला कठीणपणा किती बसतो ते मुलांना कळेल. पण तो क्वेंचिंगवर, म्हणजे तापलेला जॉब झटकन थंड करण्यावर, आणि पोलादाच्या ग्रेडवरही अवलंबून असतो, हेही सांगा.

दुसरी. तुमच्या तोंडी परीक्षेतला प्रश्न, भट्टीतला कार्बन मध्येच कमी केला तर, हा आमचा रोजचा धंदा आहे. आम्ही आधी कार्बन पोटेन्शियल, म्हणजे भट्टीतला कार्बन, चढं ठेवतो, मग उतरवतो. आधी भरायचं, मग आत मुरू द्यायचं. त्याने कडेचा कार्बन खाली येतो आणि आतला चढतो, आलेख कडेला सपाट होतो. तसं केलं नाही तर कडेला कार्बन जास्त राहून क्वेंचनंतर ऑस्टेनाइट (तापल्यावरचं मऊ रूप) शिल्लक राहतं आणि जॉब ग्राइंडिंगला त्रास देतो. तुमच्या शीटमध्ये हे करायला काय लागतं? पहिल्या कॉलममध्ये अमुक ओळीनंतर १.० च्या जागी ०.८ लिहायचं, एवढंच. पुस्तकातलं एरर फंक्शनचं सूत्र इथे हात टेकतं, कारण ते कड स्थिर धरून चालतं. शीट टेकत नाही. हे मी काल रात्री नाही, आत्ता लिहिता लिहिता करून बघितलं.

आणि एक. मुलं विचारतील, ९५० ला गुणांक जवळजवळ दुप्पट होतो तर १०५० का नाही? त्यांना दाणे वाढतात हे सांगा. वेळ वाचतो, पण पोलादाचे दाणे मोठे होतात आणि गिअरचा दात ठिसूळ होतो. शिवाय भट्टीचं आतलं सामान लवकर जातं. शीटमध्ये तापमानाला वरची सीमा घालायला हवी, आणि ती का घातली ते मुलांनी शोधायला हवं.

मूस | मंगळवार, दुपारी १.२०

तवंदीघाट दादा, सकाळच्या प्रॅक्टिकलला लगेच करून घेतलं. तीस ओळी १.१, मग पन्नास ओळी ०.८. आलेख छापायच्या आधी प्रत्येकाने वहीत हाताने काढायचा होता. वीसजणांपैकी सोळांनी आतला भागही खाली ओढला होता. कडेचा कार्बन कमी केला तर सगळाच कमी होणार, असं त्यांना वाटलं. शीटमध्ये आतला चढताच राहिला, तेव्हा वर्गात वाद पेटला आणि तास संपला तरी मुलं उठेनात. वहीत आधी काढायला लावणं, यापेक्षा मोठं साधन मला अजून सापडलेलं नाही. आधी अंदाज लिहिलेला नसेल तर पडद्यावर जे येईल ते मुलांना 'मला माहीतच होतं' असं वाटतं.

कठीणपणाची ओळ पुढच्या आठवड्यात.

शहापूरचा_मास्तर | मंगळवार, संध्याकाळी ६.१०

मी निवृत्त अध्यापक. मॅडमच्या मेहनतीबद्दल आदर आहे, तरी एक काळजी बोलून दाखवतो. मी जिथे होतो तिथे 'आता सिम्युलेशन आहे' असं म्हणून मेटॅलोग्राफीच्या, म्हणजे धातू सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या, प्रॅक्टिकलचे तास निम्म्यावर आणले गेले. पॉलिशिंगची चाकं झाकून ठेवली. दोन वर्षांनी नायटलची, म्हणजे नमुन्याची रचना उठवणाऱ्या आम्लाची, बाटलीही कुणी मागवेना.

एमरी पेपरवर नमुना घासताना बोटांना जो चटका बसतो, आधीचे ओरखडे जाईपर्यंत काटकोनात घासत राहावं लागतं, आणि शेवटी नायटलमध्ये काही सेकंद बुडवून धुतलेला पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की पर्लाइटच्या (पोलादातली पापुद्र्यांची रचना) रेघा शिंपल्यासारख्या चमकतात, ते कुठल्याही सेलमध्ये बसत नाही. विद्यार्थ्याने एकदा तरी स्वतःच्या हाताने हे पाहिलं पाहिजे. नाहीतर ०.६२ टक्के हा त्याच्यासाठी आकडाच राहील.

मूस | मंगळवार, रात्री ८.४५

सर, अगदी मान्य. आमच्याकडे क्रम असा आहे : आधी नमुना, मग शीट. केस हार्डन केलेल्या पिनचा कापलेला तुकडा प्रत्येकाने पॉलिश करून नायटलमध्ये बुडवायचा. कडेला गडद पट्टा दिसतो आणि आत जाताना फिका होत जातो. तो पट्टा मायक्रोमीटरच्या स्लाइडवर मोजायचा. मग प्रश्न येतो की हा एवढाच का, आणि तिथून शीट सुरू होते. तुम्ही सांगितलेलं तास कमी करण्याचं संकट खरं आहे, आणि शीट त्याचं निमित्त होणार असेल तर मी शीट सोडेन.

कॅम्पातला | मंगळवार, रात्री १०.०२

मूळचा बेळगाव कॅम्पातला, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. मनापासून विचारतो, पायथन का नाही? दहा ओळींत हे सगळं होतं, 'र' ची अट तपासणारी ओळही घालता येते, आणि मुलांना नोकरीत उपयोगी पडेल.

मूस | मंगळवार, रात्री १०.३०

मी पायथनही शिकवलंय. फरक सांगते. पायथनमध्ये लूप फिरतो आणि शेवटचं उत्तर हातात येतं, मधला प्रत्येक क्षण पुसला जातो. शीटमध्ये शून्य मिनिटापासून आठ तासांपर्यंतचा सगळा इतिहास एका पानावर पडलेला असतो. मुलगा कुठल्याही सेलवर बोट ठेवून म्हणू शकतो, हा आकडा ह्या तिघांतून आला. कार्बन मायनसमध्ये कुठल्या ओळीत गेला ते डोळ्यांना दिसलं, म्हणून ती मुलगी कारणापर्यंत पोचली. दुसरं, एक्सेल किंवा लिब्रे ऑफिस प्रत्येक वर्कशॉपच्या ऑफिसात आहे. उद्या हीच मुलं तिथे बसतील तेव्हा कुणाची परवानगी न मागता शीट उघडतील.

दोन मितींत जायचं झालं, म्हणजे कोपऱ्यातून कार्बन कसा शिरतो वगैरे, तर शीट ओढाताण करते. तिथे तुमचं बरोबर.

मलप्रभाकाठ | बुधवार, दुपारी ३.१५

मी खानापूरची, हायस्कूलला विज्ञान शिकवते. माहेर कुंभाराचं. धागा वाचून राहवलं नाही.

आमच्याकडची माती आणि मडकी सगळ्यांना माहीत आहेत, ग्रामोद्योगाची पॉटरी संस्थाही इथेच आहे. आजोबा भट्टी विझल्यावर दोन दिवस तोंड उघडू द्यायचे नाहीत. का, ते त्यांना सांगता यायचं नाही, पण घाई केली की बूड तडकलेली मडकी निघायची. पुढे मला शिकताना कळलं की मातीतल्या वाळूचं, म्हणजे क्वार्ट्झचं, ५७३ अंशांना रूप बदलतं आणि आकारमानही एकदम बदलतं. मडक्याचा एक भाग त्या तापमानाखाली आणि दुसरा वर असला की चीर पडते.

मॅडम, तुमची शीट मी उष्णतेसाठी वापरली तर चालेल का? कार्बनच्या जागी तापमान?

मूस | बुधवार, संध्याकाळी ५.००

ताई, चालेल म्हणजे काय, सूत्र एका अक्षराने बदलायचं नाही. फक्त गुणांक बदला. भाजलेल्या मातीत उष्णतेचा गुणांक सेकंदाला साधारण अर्धा चौरस मिलिमीटर धरा. कार्बनच्या मानाने हा चाळीस हजार पटींहून मोठा आहे, म्हणून ओळ सहा मिनिटांची नाही, सेकंदाची घ्यावी लागेल. एक मिलिमीटरचे सेल आणि अर्ध्या सेकंदाची ओळ घेतलीत तर 'र' पाव येतो, सुरक्षित आहे. दोन्ही कडांना भट्टीतलं तापमान टाका आणि ते हळूहळू उतरवा.

मलप्रभाकाठ | गुरुवार, रात्री ९.२०

नववीच्या सहा मुलांना घेऊन केलं. काठ आठ मिलिमीटर, बूड सोळा. बाहेरचं तापमान एकदम उतरवलं तर आठच्या भिंतीत मधला भाग कडेच्या मागे थोडाच राहतो, सोळाच्या बुडात खूप मागे. एका मुलाने किती ओळींनी मधला भाग कडेला गाठतो ते मोजलं. जाडी दुप्पट केली तर ओळी चौपट लागल्या. तो म्हणाला, "बाई, दुप्पट का नाही लागल्या?" मी त्याला काही सांगितलं नाही, तुमच्यासारखं.

आजोबांचे दोन दिवस आता मला दिसतात. माझ्या वडिलांना शीट दाखवली. ते बराच वेळ बघत होते. म्हणाले, बुडाला माती जास्त ठेवू नये हे आमच्या हाताला ठाऊक होतं.

रात्रपाळी | शुक्रवार, सकाळी ६.५०

शिफ्ट सुटली, आता लिहितो. उद्यमबागेत छोटी फाउंड्री आहे. काय ओ मॅडम, हे जाडी दुप्पट, वेळ चौपट आमच्याकडे रोज चालतं. फक्त आम्ही त्याला मॉड्युलस म्हणतो. आकारमान भागिले पृष्ठफळ. गोठायला लागणारा वेळ त्याच्या वर्गाच्या पटीत. च्वोरिनोव्हने १९४० ला मांडलेला नियम. पोरांना शीटमध्ये हे द्या : १०० मिलिमीटरचा घन आणि २०० बाय २०० बाय २५ ची पाटी. धातू दोन्हीत सारखाच लागतो, दहा लाख घन मिलिमीटर. वजन सारखं, मग गोठायला वेळ सारखा का नाही?

आमच्याकडे नवीन आलेला इंजिनिअर वजनावरून रायझर, म्हणजे कास्टिंगला गोठताना धातू पुरवणारा साठा, ठरवतो आणि मग हेवी सेक्शनला श्रिंकेज, म्हणजे आकसून पडलेली पोकळी, निघतं. रिजेक्शन त्याच्या नाही, माझ्या खात्यावर पडतं.

दुसरा_बाक | शुक्रवार, सकाळी ९.१०

घनाचं मॉड्युलस १६.७ मिलिमीटर, पाटीचं बरोबर १०. वर्ग केला तर घनाला २.७८ पट वेळ लागेल. काका, बरोबर का?

रात्रपाळी | शुक्रवार, दुपारी ४.३०

बरोबर. आता रायझर काढ. रायझर कास्टिंगच्या नंतर गोठला पाहिजे, म्हणून त्याचं मॉड्युलस कास्टिंगच्या १.२ पट धरतात. उंची आणि व्यास सारखा असलेला दंडगोल घे.

दुसरा_बाक | शुक्रवार, संध्याकाळी ५.०५

दंडगोलाचं मॉड्युलस व्यास भागिले ६. घनासाठी २० हवं. व्यास १२० मिलिमीटर.

मूस | शुक्रवार, रात्री ९.००

रात्रपाळी दादा, तुमचा प्रश्न मी आज वर्गात जसाच्या तसा टाकला. सगळ्यांनी आधी वहीत 'सारखाच वेळ' असं लिहिलं.

या निमित्ताने फेज डायग्रामचंही सांगते, कारण तिथेही असाच वजनाचा गोंधळ असतो. शिसं आणि कथिल यांचं मिश्रण, ४० टक्के कथिल, १५० अंश. आलेखावरून अल्फामध्ये, म्हणजे शिसं जास्त असलेल्या भागात, ११ टक्के कथिल, बीटामध्ये, म्हणजे कथिल जास्त असलेल्या भागात, ९८. लिव्हर रूल, म्हणजे दोन्ही भागांचे हिस्से काढायचा तरफेचा नियम, मुलं नेहमी उलटा लावतात, अल्फाच्या बाजूची लांबी घेऊन तोच अल्फाचा हिस्सा म्हणतात. खानापूरकडच्या एका मुलाने सांगितलं, "मॅडम, ही कावड आहे." एका टोकाला ११ ची घागर, दुसऱ्याला ९८ ची, आणि खांदा ४० वर. खांदा जड घागरीकडे सरकतो, म्हणून जड घागरीकडची दांडी आखूड. इथे दांडीची एक बाजू २९, दुसरी ५८. आखूड बाजू अल्फाची, म्हणजे अल्फा जड, दोन तृतीयांश. शीटमध्ये त्याने खांद्याचा सेल बनवला आणि तो सरकवत राहिला. त्या दिवसानंतर त्या वर्गात लिव्हर रूल कुणाचा उलटा गेलेला नाही.

शीटमधले मथळे आम्ही तीन भाषांत ठेवतो. इंग्रजी परीक्षेसाठी, मराठी आणि कन्नड डोक्यासाठी. कन्नड कॉलम माझे सहकारी लिहितात. त्यांनीच मुलांना सांगितलं की जगभर वूट्झ म्हणून नावाजलेल्या दक्षिणेतल्या पोलादाच्या नावाचं मूळ कन्नडमधल्या 'उक्कु' या शब्दात आहे, असं अनेक अभ्यासक मानतात. मराठी मुलांनीही वहीत पोलादाच्या शेजारी उक्कु लिहून ठेवलं.

रात्रपाळी | शुक्रवार, रात्री ११.४०

मॅडम, पोरांना घेऊन या. रविवारी आमची भट्टी बंद असते, अॅल्युमिनियमचा छोटा पॉट पेटवू. बिडात करून उपयोग नाही, बीड गोठताना ग्रॅफाइट सुटतं आणि ते फुगतं, त्यामुळे पोकळी नीट दिसायची नाही. अॅल्युमिनियम गोठताना साडेसहा टक्क्यांच्या आसपास आकसतं, ते पोरांना दिसेल. घन आणि पाटी दोन्ही ओतू, रायझर न लावता. पायात बूट पाहिजेत, सुती कपडे, नायलॉन नको. भंगार मी आधी तापवून सुकं करून ठेवतो, ओला तुकडा पॉटमध्ये पडला तर धातू उडतो.

मूस | रविवार, रात्री ८.१५

जाऊन आलो. अकरा मुलं, दोन दुचाकी, एक टेम्पो.

पाटी लवकर गोठली, घन खूप उशिरा. दोन्हींत थर्मोकपल (तापमान मोजायच्या तारा) होते, पण घनातला धातू ओतताना सरकला, म्हणून २.७८ शी ताडून पाहण्यासारखा आकडा हाती आला नाही. तो पुन्हा करायचा आहे. मात्र घन दुपारी करवतीने मधोमध कापला. वरून थोडा खोलगट दिसत होता, आत बोट जाईल एवढी खडबडीत पोकळी. ज्या मुलाचा कार्बन मायनसमध्ये गेला होता त्याने त्यात बोट घालून पाहिलं आणि बराच वेळ काढलंच नाही. मग विचारलं, "हा धातू गेला कुठे?" रात्रपाळी दादांनी त्याला पाटी हातात दिली आणि म्हणाले, कुठे गेला नाही, शेवटपर्यंत पातळ राहिलेल्या जागेतून आधी गोठणाऱ्यांनी ओढून घेतला.

परत येताना टेम्पोत 'र' वाली ती मुलगी वहीत काहीतरी मांडत होती. उतरताना तिने मला सांगितलं की १२० चा रायझर जास्त मोठा आहे. रायझर घनावर बसणार, मग त्याची खालची बाजू वाळूला लागतच नाही, तिथून उष्णता जाणार नाही. ते पृष्ठफळ धरायचं कशाला? ती बाजू वगळली तर मॉड्युलस व्यास भागिले ५ होतं आणि रायझर १०० मिलिमीटरचा पुरतो. मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. रायझरचा हिशेब तिचा बरोबर आहे, पण तीच जागा घनाचीही झाकली जाते, ती वगळली तर घनाचं मॉड्युलसही वाढतं आणि १०० चा रायझर काठावरच ठरतो.

रात्रपाळी | रविवार, रात्री ९.५०

रायझरपुरतं बरोबर आहे तिचं, घनाचं ओतून बघू. १२० च्या रायझरमध्ये साडेतेरा लाख घन मिलिमीटर धातू जातो, १०० च्यात पावणेआठ लाख. १०० चा पुरला तर तेवढा कापून पुन्हा वितळवायचा खर्च वाचेल.

पुढच्या रविवारी १०० चा रायझर लावून घन ओतू. पॅटर्न मी करून ठेवतो. थर्मोकपलला या वेळी तारेने बांधायचं. पोरांना सकाळी आठला पाठवा, आणि तिला सांगा, कापायच्या आधी पोकळी कुठे निघेल ते वहीत काढून आण.